पाण्याची रेघ नसलेला टब

कोंब वरच्या बाजूला. खाली गेला तरी बटाटा येतो, पण वाट बघायला लावतो.

माजलगावचं पाणी जड. वापरलेल्या कूलरच्या टबात आतून पांढरी रेघ उमटते. रेघेच्या जाडीवरून त्या टबानं किती उन्हाळे काढले हे कय्युम सांगायचा, आणि सहसा चुकायचा नाही.

तलवाडा. मे महिना. सरकीची पोती ठेवायची खोली.

"डॉक्टरनं बटाटा खायला मना केलंय. लावायला न्हाई," कय्युम म्हणायचा.

बटाट्याला नव्वद दिवस लागतात. इद्दतीला, नवरा गेल्यावर बाईनं घरात बसायच्या मुदतीला, चार महिने दहा दिवस.

वत्सलाबाईचं छत बीबीजानच्या छतापेक्षा हातभर उंच.

कब्रस्तानात माती द्यायला बायका जात नाहीत.

*

कय्युमचं कूलर दुरुस्तीचं दुकान मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत. दुकानाच्या पाठीला घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरातूनच छतावर जाणारा लोखंडी जिना. थंडी पडली की कूलरवाल्याला कोण विचारतो? दिवाळी ते होळी कय्युम दुकानाच्या पायरीवर ऊन खात बसायचा, आणि बसल्या बसल्या त्याला खूळ सुचायचं. एका हिवाळ्यात कबुतरं झाली. एका हिवाळ्यात जुन्या पंख्यांच्या पात्यांची पवनचक्की झाली, ती वाऱ्यानं उडून वत्सलाबाईच्या पापडांवर पडली.

या वर्षी बटाटे.

घाटनांदूरचा बिभीषण नावाचा ओळखीचा शेतकरी, त्याच्याकडून कय्युमनं तीनएक किलो बियाण्याचे बटाटे आणले. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये एकेक बटाटा डोळे वर करून बसवला आणि ते ट्रे पत्र्याच्या कपाटावर, खिडकीच्या उजेडात ठेवले. बीबीजान भाकरी थापता थापता म्हणाली, "पिल्लं कधी निघायची?"

"तीन आठवडे लागतात."

"आन् मंग बांग देतील का?"

"तू देतीस ना रोज. तेवढी पुरे."

छतावर भंगारात निघालेले कूलरचे टब पडले होते. त्यातले दहा त्यानं घासले. अकरावा, निळा, दुकानाच्या माळ्यावरून खाली काढला. तो गोणपाटात गुंडाळलेला होता. टब उथळ असतात, बटाट्याला खोली लागते, म्हणून कय्युमनं कूलरच्याच बाजूचे पत्रे कापून कडेनं रिव्हेट मारले आणि प्रत्येक टब दीड फुटाचा केला. बुडाला ड्रिलनं सहा सहा भोकं पाडली. जुन्या ताट्यांमधलं गवत, ज्याच्यावरून उन्हाळ्यात पाणी झिरपतं ते, वरून पसरायला ठेवलं.

पंपाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यानं खडूनं नव्हे, चक्क पेनानं लिहून काढलं:

*माती एक, सिंदफणेची वाळू एक, साखर कारखान्याची कुजलेली मळी एक. नुसती काळी माती नको, दगड होते.*

*टब अर्धाच भरायचा. रोप वीतभर झालं की माती चढवायची, शेंडा तेवढा बाहेर. परत वाढलं की परत.*

*पाणी: बोट खुपसायचं. बोट कोरडं आलं तरच.*

*पानांना ऊन. बटाट्याला अंधार. हिरवा झालेला खायचा नाही. बियाण्याला चालतो.*

कय्युमची साखर चार वर्षांपासून वाढलेली. बटाटा बंद, भात बंद, सगळंच बंद. तरी लग्नाच्या जेवणात तो वाढप्याला हळूच म्हणायचा, "सालन वाढ, आलू चुकून आला तर येऊ दे."

*

बटाट्याचा नववा दिवस

बटाटे टबांत लावून नऊ दिवस झाले होते. सकाळी जिन्यावरून हाक आली. "बीबी, ये की वर! निळ्या टबात कोंब दिसायलाय."

तिच्या हातात पीठ होतं, चुलीवर दूध होतं.

"मला सवड न्हाई. तुमची माती तुमीच बघा."

अकरा वाजता कय्युम दुकानात स्टुलावर बसलेला होता, मांडीवर पंप, मान खाली. गिऱ्हाइकाला वाटलं, पंपात काही बघतोय. गिऱ्हाईक बराच वेळ थांबलं.

बीबीजानच्या त्या वाक्यात काही वाईट नव्हतं. संसारात अशी दहा वाक्यं रोज होतात आणि संध्याकाळपर्यंत विरून जातात. हे विरायच्या आत माणूस गेला, म्हणून ते घरातच राहिलं, कपाटावरच्या रिकाम्या ट्रेंसारखं. दुपार कलताना, असरच्या नमाजनंतर पुरुष माणसं त्याला घेऊन गेली. सगळ्यांनी तीन तीन मुठी माती दिली. बीबीजान दारापर्यंत गेली. तिथून पुढं बायकांचा रस्ता नव्हता.

चौथ्या दिवशी, बायकांची गर्दी जराशी ओसरल्यावर, तिला वर छतावर अकरा टब आहेत हे आठवलं. आणि तिनं मनाशी धरलं ते एवढंच: ते बटाटे आपल्या हातानं वाढवायचे, आपल्या हातानं काढायचे. दुसरं काही नको. 

*

बटाट्याचा अठरावा, इद्दतीचा नववा

कय्युमची थोरली बहीण शाईस्ता तलवाड्याहून आली होती ती राहिलीच. साठीची, किडकिडीत, डोळे कायम बारीक केलेले. स्वतः एकोणीस वर्षांपूर्वी विधवा झालेली. बीबीजानचं लग्न होऊन अठ्ठावीस वर्षं झाली, पण शाईस्ताआपा तिला अजूनही 'दुल्हन' म्हणायची. भाऊ गेल्यावरही म्हणायची. दुसरं काय म्हणणार?

बीबीजाननं जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा मागून आवाज आला.

"दुल्हन. कुठं?"

"वर. टब बघून येते."

"इद्दतीत बसलीस ना? इद्दतीतली बाई आभाळाखाली जात न्हाई."

"आपा, छत घरातलंच हाय. जिना घरातून जातो."

"घरावर छप्पर असतं, त्याला घर म्हणतात. छपराच्या वर काय असतं?"

"टब."

"आभाळ," शाईस्ताआपा म्हणाली. "मी बसलेते, मला माहीत हाय. कय्युमच्या नावाला बट्टा नको लावू. पाय खाली घे."

तिनं पाय खाली घेतला. नणंदेच्या धाकानं नव्हे. 'कय्युमच्या नावाला' हे शब्द तिला ओलांडता आले नाहीत.

*

पन्हाळ

मग टबांचं काम तन्वीरकडे गेलं. तन्वीर तिचा मुलगा, सव्वीस वर्षांचा, बापाचंच दुकान आता तो उघडायचा. बोलायचा कमी. रोज सकाळी पाइप घेऊन वर जायचा, आणि छताच्या पन्हाळीतून पाणी खाली मोरीच्या फरशीवर पडायला लागायचं.

बीबीजान स्वयंपाकघरात बसून ऐकायची. टप टप थोडा वेळ असेल तर ठीक. पण ती धार पडायची. पाव तास. मग अर्धा तास.

"तन्वीर, बोट खुपसून बघतोस का?"

"हो अम्मी."

"किती पाणी घालतोस?"

"भरून."

"अरे पुठ्ठ्यावर काय लिहिलंय अब्बांनी?"

"अम्मी, पाणी कमी पडून मेले तर मी काय करू?" तन्वीर म्हणाला. आवाज एकदम चढला, मग खाली आला. "जास्त घातलेलं बरं."

तिला तेव्हा कळलं की पोरगाही तिच्यासारखाच आहे. ती चढू शकत नव्हती म्हणून ऐकत होती. तो रडू शकत नव्हता म्हणून ओतत होता. त्याला रागवावं असं तिला वाटेना. आणि धार तर रोज पडतच होती.

*

बटाट्याचा अडतिसावा, इद्दतीचा एकोणतिसावा

वत्सलाबाई पलीकडच्या घरातली. पापडांचं प्रकरण तिनं कय्युमला कधी माफ केलं नव्हतं, पण तो गेल्यावर तीन दिवस तिनंच या घरात भाकरी पोचवल्या होत्या. ती आपल्या छतावर कपडे वाळत घालायला गेली आणि तिथूनच ओरडली. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

"आगं बीबी! तुझ्या बटाट्याची पानं पिवळी पडायलीत गं!"

खालून बीबीजान ओरडली, "किती टबातली?"

"थांब, मोजते... मला चष्मा न्हाई. लई टबातली!"

"खालची पानं का वरची?"

"आता पानाला खाली-वर काय असतंय? पिवळी हायत म्हंजी पिवळी!"

थोड्या वेळानं ती स्वतःच दारात आली. येताना कठड्यावरून हात लांब करून एक फांदी खुडून आणली होती. बीबीजाननं ती हातात घेतली. देठ बुडाशी काळा, मऊ. बोटानं दाबला तर पाणी सुटलं. वास आला.

"सडायलंय," ती म्हणाली.

"ये की मग वर. बघ स्वतः," वत्सलाबाई म्हणाली. "दोन पायऱ्या तर हायत."

शाईस्ताआपा तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "चवदा हायत," ती म्हणाली. "आन् एक असती तरी गेली नसती."

"शाईस्ताबाई, अहो पण बटाटे काय पाप करायलेत?"

"बटाट्याला कोण म्हणतंय? बटाटे बसू द्या की उन्हात. त्यांचा नवरा न्हाई गेला."

वत्सलाबाईनं पदर तोंडाला लावला. हसू आलं होतं की दुसरं काही, हे बीबीजानला दिसलं नाही.

*

फोन. बटाट्याचा पंचेचाळिसावा, इद्दतीचा छत्तिसावा

सहा टब गेले होते. तन्वीरनं पाइप गुंडाळून ठेवला होता आणि जेवणं टाकली होती. त्या दुपारी बीबीजाननं आपणहून सांगितलं, "मशिदीतल्या हाफिजसाबला फोन लाव. सगळ्यांच्या समोर लाव."

तन्वीरनं मोबाइल तांदळाच्या डब्यावर ठेवला, स्पीकर लावला.

"बोला बेटा."

"हाफिजसाब, अम्मी इद्दतीत हायत. त्यांना छतावर जाता येतं का?"

"छत कुणाचं?"

"आमचंच. जिना घरातून हाय."

"मग ते घरच. आंगण घर, छत घर. परद्याची काळजी घ्या, बस. त्यात विचारायचं काय?"

"ते... आभाळाखाली जायचं न्हाई म्हणतात."

"कोण म्हणतं?"

तन्वीरनं आईकडे बघितलं.

"लोक म्हणतात," बीबीजान म्हणाली.

"लोकांचं लोकांना विचारा. असा काही मसला, असा काही नियम नाही. बाईला उजेड बंद करा असं कुणी सांगितलेलं नाही. सलाम सांगा सगळ्यांना."

फोन बंद झाला. डब्यावर त्याचा उजेड थोडा वेळ राहिला, मग तोही गेला.

बीबीजानला वाटलं होतं, आपण जिंकल्यासारखं उठू आणि तडक जिना चढू. ती उठलीसुद्धा. तेवढ्यात तिचं लक्ष शाईस्ताआपाकडे गेलं. आपाच्या हातात निवडलेले तांदूळ होते, ते ती परत सुपातल्या खड्यांमध्ये टाकत होती. चांगले तांदूळ. मूठ मूठ. 

"आपा?"

"सरकीची खोली होती," शाईस्ताआपा म्हणाली. कुणाला सांगत होती ते कळेना. "सासूनं पोती एका बाजूला सारली आन् चटई टाकली. मे महिना. खिडकी न्हवती. दाराला गोधडी. परसाकडं जायचं तर डोक्यावरून चादर, कुणीतरी हात धरून न्यायचं. आभाळ दिसलं तर मयताला तकलीफ होती, म्हणायची. मी म्हणलं, न्हाई बघणार. एकदाबी न्हाई बघितलं. चार महिने दहा दिवस. निघाले तवा उजेड सोसंना. गेवराईला डॉक्टरकडं नेलं, त्यानं थेंब दिले. तेच डोळे हायत हे, दुल्हन."

 

"कुणी फोन न्हाई लावला," ती म्हणाली. "हाफिज तर तवाबी होते की गावात. मंग मी काय केलं तिथं? ते सगळं कशासाठी झालं?"

बीबीजान परत खाली बसली. त्या खोलीबद्दल तिला एक गोष्ट माहीत होती, ती आपाला माहीत नव्हती. ती तिच्या ओठांपर्यंत आली. तिनं सूप पुढं ओढलं आणि खड्यांमधले तांदूळ परत वेचायला सुरुवात केली.

त्या दिवशी ती वर गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आता बंदी नव्हती. पण ती एक पायरी चढली असती तरी आपाचे ते एकशे तीस दिवस एका झटक्यात फुकट गेले असते, तिच्या डोळ्यांदेखत. पन्हाळीतून आता काहीच पडत नव्हतं. ती कोरड्या मोरीकडे बघत बसायची. पाच टब राहिले होते. मग वत्सलाबाई ओरडली, चार.

*

बटाट्याचा पन्नासावा, इद्दतीचा एक्केचाळिसावा

आदल्या दिवशी चाळिसावा झाला होता. डेगी धुऊन पालथ्या घातल्या होत्या, पाहुणे गेले होते. बीबीजान म्हणाली, "आपा, तुमी जा वर. मी न्हाई जात. तुमी बघा आन् मला सांगा."

शाईस्ताआपानं पदर सावरला. मग चप्पल काढली आणि जिना चढली. तन्वीरनं आदल्याच आठवड्यात छताच्या तिन्ही कडांना कूलरच्या गवताच्या ताट्या उभ्या बांधून परदा केला होता. वत्सलाबाईची बाजूही त्यानं झाकली, तर ती ओरडली, "आरं मुडद्या, मला दिसंना की आता!" मग तिच्यापुरती एक ताटी सोडावी लागली.

बीबीजान जिन्याच्या खालच्या पायरीशी उभी राहिली.

"आपा, पहिल्या टबात बोट खुपसा."

"खुपसलं."

"ओलं की कोरडं?"

"थंड हाय."

"थंड म्हंजी ओलं. पुढचा. देठ बघा, काळा हाय का?"

"हिरवा हाय. जाड हाय. दुल्हन, ह्याला केस हायत."

"असू द्या. निळा टब बघा आता. रोप हलतंय का, बुडाशी सडलंय का?"

वरून आवाज आला नाही. मग काहीतरी तुटल्यासारखा, मुळं सुटल्यासारखा.

"आपा? उपटलं?"

"उपटलं."

"या अल्ला! कावून?"

"तूच म्हणलीस ना, बुडाशी बघ! बुड मातीत हाय, तर कसं बघू?"

तन्वीर दुकानातून धावत आला होता, तो जिन्याखाली थांबला. आई रागावेल असं त्याला वाटलं. बीबीजाननं कपाळावर हात मारून घेतला. चार टबांमध्ये सगळी मिळून अकरा रोपं उरली होती. आता दहा.

 पलीकडून वत्सलाबाई काहीतरी बोलली. 

मग आपाचा आवाज आला. वेगळाच. त्यात धाक नव्हता.

"दुल्हन. वर ये."

"आपा..."

"मी म्हणायलेय ना. ये. मला एकटीला बघवंना हे."

बीबीजान जिना चढली. चौदा पायऱ्या. एक्केचाळीस दिवसांत पहिल्यांदा ऊन तिच्या पायांवर पडलं आणि तिला ते आधी गरम पाण्यासारखं वाटलं. कारखान्याच्या बाजूनं मळीचा आंबूस वास येत होता. शाईस्ताआपा निळ्या टबापाशी उकिडवी बसली होती. हातात उपटलेलं रोप. त्याच्या मुळांना पांढऱ्या दोऱ्या लोंबत होत्या, आणि दोऱ्यांच्या टोकांना बटाटे. गोट्यांएवढे. सात. सालं इतकी पातळ की बोट लागलं तरी निघावीत.

"जिवंत होते," आपा म्हणाली. "मी काढले."

"परत लावू. लागलं तर लागलं."

"अंधारात होते तरी जिवंत होते."

 बीबीजाननं रोप आपाच्या हातातून घेतलं, निळ्या टबात खड्डा केला, मुळं आत बसवली. मग कोपऱ्यातल्या गोणीतून माती घेतली, जी कय्युमनं लावणीच्या वेळीच चाळून ठेवली होती, वाळू आणि मळी मिसळलेली. पहिल्या रोपाच्या बुडाशी तिनं तीन मुठी टाकल्या. पुढच्या रोपाला तीन. ती किती टाकते आहे हे तिनं ठरवलं नव्हतं. तिसऱ्या रोपाला आपानंही हात घातला, आणि दोघी पुढं सरकत गेल्या, शेंडे तेवढे बाहेर ठेवत, मोठ्यानं काही न म्हणता. ओठ मात्र हलत होते. 

वत्सलाबाई ताटीच्या फटीतून बघत होती. तिलाही कळलं असावं. त्या दिवशी ती काहीच ओरडली नाही.

*

(पुठ्ठ्याची मागची बाजू)

पुठ्ठ्याच्या मागं आणखी एक ओळ होती. ती बीबीजानला उशिरा सापडली.

*बीबीला विचारायचं, वरचं गवत पातळ झालंय का. तिला कळतं.*

गवत पातळच झालं होतं.

*

बटाट्याचा शहाण्णवावा, इद्दतीचा सत्त्याऐंशीवा

रमजान आठवड्यावर आला होता. पाला पिवळा पडून आडवा झाला, आठ दिवस पाणी तोडलं, आणि त्या सकाळी तन्वीरनं छतावर जुनी ताडपत्री अंथरली. चार टब एकेक करून पालथे करायचे.

पहिल्या टबातून माती पडली, मग बटाटे. कोंबडीच्या अंड्याएवढे, काही त्याहून लहान, दोन मुठीत न मावणारे. बीबीजाननं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. गुडघ्यांवर बसून ती एकेक उचलायची, माती पुसायची, उन्हाकडं धरून फिरवायची, आणि डावीकडं नाहीतर उजवीकडं ठेवायची.

"हे कावून वेगळे?" तन्वीरनं विचारलं.

"हिरवे हायत. गवत उडालं, उजेड लागला. खायचे न्हाईत."

"सोलून टाकू ना हिरवं तेवढं."

"न्हाई," ती म्हणाली. "तुज्या अब्बांनी लिहून ठिवलंय."

हिरवे नऊ निघाले. शाईस्ताआपानं ते ओढणीच्या पदरात घेतले. "बियाण्याला चालतात म्हणतीस ना. मी नेते तलवाड्याला."

"लावायला दिवाळी उजाडंल, आपा. मधी अख्खा उन्हाळा. न्हाई टिकायचे."

"न्हाई टिकले तर न्हाई." तिनं पदराला गाठ मारली. "खिडकीत ठिवते. आता हाय खिडकी. पोरानं घर बांधलं तवा मी त्याला एकच सांगितलेतं."

वत्सलाबाईला ताटीवरून पाच बटाटे दिले गेले. ती म्हणाली, "पापडांचं फिटलं बघ," आणि मग तिला एकदम रडू आलं. ती आपल्या वाळत घातलेल्या चादरीच्या मागं गेली.

शेवटचा निळा टब. त्यात सगळ्यात जास्त निघाले. उपटून परत लावलेल्या रोपाला मात्र फक्त दोन. बीबीजाननं ते दोन्ही हातात धरले आणि बराच वेळ खाली ठेवले नाहीत. हात भरले होते. सवड होती.

तन्वीर टब झटकत होता. शाईस्ताआपानं आत बोट फिरवलं, डोळे बारीक करून वाकून बघितलं. कय्युमची बहीण ती. एवढं तिलाही कळत होतं.

"दुल्हन, ह्याला पाण्याची रेघ न्हाई."

"न्हाई."

"म्हंजी एकबी उन्हाळा चालला न्हाई हा. नवा कोरा कूलर भंगारात कसा आला?"

"माळ्यावर होता," बीबीजान म्हणाली. "त्यांनी विकला न्हाई कधी."

"कावून?"

बीबीजाननं आपाच्या डोळ्यांकडं बघितलं. उन्हात ते पाण्यानं भरले होते, रोजच भरायचे. तिनं ते दोन बटाटे आपाच्या पदरातल्या गाठीवर ठेवले.

"चला खाली. सालन टाकू. आज आलूचं."

*

एकोणीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात कय्युमनं एक निळा कूलर टेम्पोत घालून तलवाड्याला नेला होता. ज्या खोलीत बसवायचा तिला खिडकी नव्हती, म्हणून आपाच्या सासूनं दारातूनच परत पाठवला आणि तो त्याच टेम्पोतून संध्याकाळी माजलगावला आला.